पोत्याच्या तोंडचा नेचा

९ जुलै २०२५, बुधवार

आज आम्हा जैनांचा चातुर्मास बसला. आमच्या घरातून पालेभाजी गेली ती चार महिन्यांसाठी. माझ्या बायकोनं, झमकूबाईनं, मेथीची शेवटची जुडी कालच शेजारी देऊन टाकली.

डॉक्टरांनी आज डोळा शेवटचा तपासला. म्हणाले, "शेठ, मोतीबिंदू गेला, आता हा डोळा विशीतल्या पोराचा." बाहेर आलो आणि समोरच्या रसवंतीची पाटी इथून तिथवर वाचली. तिच्यावर उसाशेजारी बैल काढलाय हे मला सात वर्षांत दिसलं नव्हतं. मी तो डाग समजत होतो. इतकं हलकं वाटलं की रस नको असताना प्यालो.

ही डायरी एका खत कंपनीनं जानेवारीत दिलेली. सहा महिने कोरी पडून होती. आता डोळा आहे तर लिहीन म्हणतो. जवळचं वाचायला तेवढा चष्मा लागतो.

दुकान मुलगा पीयूष बघतो. नारायणगावात औषधं-बियाण्यांची दुकानं पुष्कळ, पण पानाचा फोटो बघून रोग सांगणारा मी एकटा. खोडदपासून आण्यापर्यंतचे शेतकरी मोबाइलवर पानं पाठवतात. मी गादीवर बसून सांगतो: करपा, तुडतुडे, काही नाही पाणी कमी दे. पंधराव्या वर्षी बाजारात पोती उचलायला लागलो तेव्हा आडत्यानं पहिली गोष्ट शिकवली ती ही, की पोत्याच्या पोटात सळई खुपसून खालचा दाणा काढायचा आणि मग बोलायचं. तोंडचा माल बघून सौदा करणारा पुढच्या सालात बाजारात दिसत नाही. त्यावर इथवर आलो.

१२ जुलै, शनिवार

खोडदचा धर्माजी दुकानात आला. चाळीस वर्षांची मैत्री, एकमेकांना सोडत नाही. मी आतल्या खोलीतून त्याची मोटारसायकल आवाजावरून ओळखली आणि "धर्माजी, चेन सैल झालीय" असं ओरडलो. तो म्हणाला, "आमच्या खोडदच्या दुर्बिणीच्या डिशींना आभाळातलं ऐकू येतं, तुला गल्लीतलं. सरकारनं उगंच एवढा खर्च केला राव."

काम त्याच्या लेकीचं होतं. अंजना डिंभ्याच्या वर, आंबेगावच्या डोंगरातल्या एका वाडीत शाळामास्तरीण आहे. बावीस पोरं. सत्तावीस तारखेला घोडेगावला रानभाज्यांचा मेळावा आहे, त्यात शाळेनं गाळा घेतलाय. पोरं रानभाज्या आणणार, शाळेत खिचडी शिजवणारी बयाबाई तिथंच करून वाढणार.

तेवढ्यात अंजनाचाच फोन आला. "काका, ओढ्याकाठी नेचा येतो ना, गुंडाळलेला, कोवळा, त्याची भाजी करायचीय. फॉर्मवर भाजी ओळखणाऱ्या जाणकाराचं नाव आणि शिक्का मागितलाय. बयाबाई खात्रीनं सांगतात, पण त्यांच्या नावाचा शिक्का कुठून आणू?"

"माझा आहे की," म्हणालो. "फोटो पाठव. शेजारी आगपेटी ठेवून काढ, म्हणजे माप कळेल."

झमकूबाई आतून म्हणाली, "जे आपल्या तोंडात जायचं नाही त्याचा निकाल कशाला देता?"

कापसाचं बोंड मी कुठं खातो? पण बोंडअळी तर ओळखतो.

१६ जुलै, बुधवार

फोटो आले. वाडीत रेंज नाही. शाळेमागच्या एका मोठ्या दगडावर चढलं की मिळते, म्हणून फोटो रोज चारनंतर येतात.

सुंदर गोष्ट आहे. घड्याळाच्या कमानीसारखा गुंडाळलेला हिरवा देठ, त्यावर तपकिरी पापुद्रे. त्रेसष्ट वर्षांत मी याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. नेट उघडलं, मोबाइलमध्ये झाडं ओळखायचं एक ॲप घेतलं, तासभर जुळवत बसलो. खायचाच नेचा, शंका नाही. ॲपही शंभरात एक्याण्णव म्हणालं.

सून रिद्धी चहा घेऊन आली, तिलाही दाखवला. फोटो मोठा करून बघत राहिली, चहा निवला. मग म्हणाली, "पप्पा, हे सगळं एकाच जागचं आहे का?"

"फोटोत दिसतं तेवढं बघावं," म्हणालो. मुलगी हुशार आहे. संगमनेरला बीएस्सी झालीय, विषय कोणता ते आता आठवत नाही.

अंजनाला कळवलं: खुशाल करा. फॉर्मवर सही-शिक्का मारून धर्माजीच्या हाती दिला. शिक्का जरा तिरका उठला, पण नाव स्वच्छ वाचता येतं.

१८ जुलै, शुक्रवार

अंजनानं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, आभाराचा. मागं पाऊस, पोरांचा गलका आणि एका म्हातारीचा आवाज. बाकी कुणाला ऐकू आलं नसतं, मला आलं: "शेठला म्हनावं वढ्याचा येगळा आन माळाचा येगळा. माळाच्याला गुरंबी तोंड लावत न्हाईत."

हीच ती बयाबाई असणार. बिचारीला आपलं नाव फॉर्मवर नाही याचं वाईट वाटलं असेल. जुन्या माणसांचं असं असतं.

२१ जुलै, सोमवार

गंमत कळली. दोन तारखेला माझा वाढदिवस, चौसष्ट पूर्ण. रिद्धी गॅलरीत फोनवर हळू बोलत होती, पण माझ्या कानांपुढे हळू म्हणजे काय. "नाही नाही, पप्पांना काही बोलू नका, आत्ताच डोळ्याचं झालंय, किती खूश आहेत. शुक्रवारी आणतील तेव्हा तुम्ही हातानं बघा. नुसत्या डोळ्यानं नको. मी आहेच."

हातानं बघायची वस्तू म्हणजे कापड. तेव्हा कुर्ता. झमकूबाईला विचारलं तर म्हणाली मला काही माहीत नाही, आणि तिला खोटं बोलता येत नाही, म्हणजे सासूपासूनही लपवलंय. पांढरा नसला म्हणजे झालं, दुकानात मळतो.

रिद्धीनं आज माझं बियाणं बघायचं भिंगही मागून नेलं. कापडाचा पोत बघायला असेल.

२३ जुलै, बुधवार

येडगावहून टोमॅटोचे अकरा फोटो. सगळ्यांना एकच रोग. एकच सांगितलं.

वाडीतली पोरंही आता मला फोटो पाठवायला लागलीत. सहावीतली हर्षाली सगळ्यांत धीट. अंजनाच्या फोनवरून लिहिते, "आजोबा हा कोणता?" मी उत्तर देतो. आज पाच नेचे ओळखले. कोवळेपणी सगळे एकमेकांसारखे, मुठी आवळलेले. मोठे झाले की आपापल्या घराण्यावर जातात. मेळाव्यात कुणी विचारलं तर चार शब्द बोलावे लागतील, तयारी ठेवली आहे.

२५ जुलै, शुक्रवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

साडेचारला हर्षालीनं फोटो पाठवला. शाळेच्या ओसरीवर नेच्याचा ढीग, मागं बावीस पोरं दात काढून उभी. खाली लिहिलंय, "आजोबा बघा एक पोतं भरलं." मी कौतुकानं मोठा करून बघितला. पुढचे नेचे माझ्या फोटोतलेच, पापुद्र्याचे. पण ढिगाच्या डाव्या अंगाला दुसरेच. देठावर लव आहे, आणि गुंडाळी एक नाही, तीन बोटं मुडपल्यासारख्या तीन.

नवा डोळा नसता तर दिसलंही नसतं, आणि मी आत्ता शांतपणे जेवलो असतो.

नेटवर शोधलं. तीन बोटांचा, उघड्या माळावर येणारा. खाऊ नये. गुरांना विषारी, रक्त लघवीवाटे जातं. पुढचं वाचवेना.

म्हातारीनं हेच सांगितलं होतं. अठरा तारखेच्या पानावर माझ्याच हातानं लिहून ठेवलंय. मी एक झाड ओळखलं आणि पोत्यावर शिक्का मारला. तोंडचा दाणा बघून सौदा केला. पंधराव्या वर्षी हे केलं असतं तर आडत्यानं कानाखाली वाजवली असती.

अंजनाला सतरा फोन केले. रेंज नाही. धर्माजीला लावला तर तो म्हणाला, "आरं ती पाचच्या आत दगडावरनं उतरती, आता उद्याच." त्याला कारण सांगितलं नाही. धीर झाला नाही. रविवारी त्या गाळ्यावर दोनशे माणसं खातील, आणि चव बघायला सगळ्यांत आधी ती पोरं खातील.

रिद्धीला सांगितलं. म्हणाली, "पप्पा, काही होणार नाही. बयाबाई आहेत ना तिथं."

"त्या बाईला कोण विचारतंय? शिक्का माझा आहे."

तिनं फोटो पुन्हा मोठा करून बघितला. मग म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ. मी गाडी चालवते. तुम्ही स्वतः बघितलं की तुमचं समाधान होईल."

समाधानाचा प्रश्न आहे का हा? हल्लीच्या पोरींना कशाचं गांभीर्य नाही.

२६ जुलै, शनिवार

पहाटे सामायिकाला बसलो. अठ्ठेचाळीस मिनिटं मन एका जागी ठेवायचं. माझं मन त्या ओसरीवर होतं. हर्षालीचे पुढचे दोन दात पडलेत हे फोटोत दिसलं होतं, तेच सारखं दिसत राहिलं.

सातला निघालो. झमकूबाईही आली. म्हणाली, "तुम्हाला एकट्याला सोडलं तर रस्त्यातच रडाल." मंचर, घोडेगाव, पुढं डिंभे. रिद्धी गाडी अशी चालवत होती जशी माहेरी निघालीय. घोडेगावात चक्क चहाला थांबली. मी चहाला हात लावला नाही. तिनं बिस्किटंही घेतली, पोरांसाठी म्हणून. हिला घाई कशी नाही? मी मागं बसून मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागत होतो. आमच्यात ती वर्षातून एकदा मागतात, संवत्सरीला. यंदा महिनाभर आधीच सुरुवात झाली.

धरणाच्या कडेनं रस्ता चढतो. दोन्हीकडे भातलावणी, इरली पांघरलेल्या बाया. शाळा दिसली तसा मी गाडी थांबायच्या आत दार उघडलं. झमकूबाईनं सदरा धरून मागं ओढलं.

ओसरीवर एक काटकुळी म्हातारी मांडी घालून बसली होती. पुढ्यात एक सूप, सुपात निवडलेला नेचा, सगळा पापुद्र्याचा, जुड्या बांधलेला. दुसरा ढीग कुठंच नाही.

मी धापा टाकत म्हणालो, "बाई, दुसरा कुठाय? तीन बोटांचा, लव असलेला?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी शेठ का? बसा. पानी घ्या आधी." मग माझ्यामागं बघून हसली. "रिद्धीताई, आलीस? ये माय."

"तो दुसरा ढीग, बाई."

"काल सांजच्यालाच निवडून खड्ड्यात पुरला. शेळीबिळीनं खायला नगं म्हनून वर दगड ठिवलाय. पोरं ती. वढा लांब, माळ जवळ. पोतं भरायची घाई. आनला उपटून."

मी तिथंच पायरीवर बसलो.  झमकूबाईनं पाण्याचा तांब्या हातात दिला, तो एका दमात रिकामा केला.

अंजना वर्गातून बाहेर आली. "काका, तुम्ही कशाला धावत आलात एवढ्या पावसात? सांगितलं नव्हतं का रिद्धी..." आणि तिला खोकला आला. हवा दमट आहे वर.

मी बयाबाईला विचारलं, "निवडायला पाहिजे हे तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचायचं काय त्यात? सासूनं शिकिवलं. आन फोन बी आला व्हता."

"कुणाचा?"

"आला व्हता कुनाचा तरी." आणि ती सुपातलं निवडत राहिली.

अंजनाचाच असणार. नाही, अंजना तर इथंच होती. असो.

मग बयाबाईनं मला शिकवलं. कौलाच्या फटीत खोचून ठेवलेला एक माळाचा नेचा काढला, पोरांना दाखवायला ठेवला होता म्हणे. "धरा." मी धरला. लव बोटांना लागली, मांजराच्या कानासारखी. "आता मोडा." मी थांबलो. हिरवं उगीच मोडायचं नाही, आणि त्यात चातुर्मास. तिनं माझ्याकडे बघितलं, स्वतःच मोडला आणि नाकाशी धरला. कडू बदामासारखा वास. "फोटूत ह्यो वास येतो का शेठ?"

"नाही येत."

"मंग? डोळ्याला काय कळतंय. बोटाला इचारा, नाकाला इचारा, मग डोळ्याला."

हर्षाली शेजारी उभी होती. म्हणाली, "आजोबा, तुम्ही नापास."

"नापास," मी म्हणालो. सगळी पोरं हसली, बयाबाईसुद्धा. मीच सगळ्यांत जास्त हसलो बहुतेक, कारण झमकूबाई म्हणाली, "पुरे आता, लोक काय म्हणतील."

अंजनाकडून फॉर्म मागून घेतला. माझ्या नावावर रेघ मारली. वर लिहिलं: बयाबाई. तिनं सही केली, पोरांकडून शिकलीय म्हणे, एकेक अक्षर विहिरीतून बादली ओढावी तसं काढलं. शेजारी माझा शिक्का साक्षीदार म्हणून मारला. या वेळी सरळ उठला.

परतीला घोडेगावात मीच गाडी थांबवायला लावली. दोन चहा प्यालो.

२७ जुलै, रविवार

मेळाव्याला गेलो. गाळ्यावर पुठ्ठ्याची पाटी, पोरांनी रंगवलेली: ओळखणार: बयाबाई. दुपारी एकपर्यंत पातेलं रिकामं. लोक विचारत होते, ती सांगत होती, मोडून दाखवत होती. मी मागं खुर्चीवर बसून कान लावले होते. पुण्याच्या एका बाईनं विचारलं, "आजी, हे तुम्ही कुठं शिकलात?" तर बयाबाई म्हणाली, "तुमी आईचा आवाज कुठं शिकला?"

मी तयार केलेले चार शब्द खिशातच राहिले.

धर्माजीनं दोन द्रोण खाल्ले. मी त्याला एकटक बघत होतो. तो म्हणाला, "काय बघतोस? तुला खायला न्हाई मिळत म्हनून माझा घास मोजतोस का?" मी त्याला शुक्रवारचं सगळं सांगितलं. त्यानं द्रोण खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, परत उचलला. "मग आता काय, निवडलंय ना," म्हणाला आणि तिसरा मागून घेतला.

संध्याकाळी पुन्हा सामायिकाला बसलो. मन एका जागी राहिलं.

३० जुलै, बुधवार

अंजना कामासाठी नारायणगावला आली होती. तिनं हातसडीच्या तांदळाची पुरचुंडी दिली. "बयाबाईंनी रिद्धीताईला दिलाय."

"मला नाही?"

"तुम्हाला नाही म्हणाल्या. म्हणाल्या, शेठला शिकवलं तेवढं पुरे."

शिकवणी फुकट मिळाल्यावर मला आणखी कोण काय देणार. पण रिद्धीला का?

२ ऑगस्ट, शनिवार

वाढदिवस. सकाळी झमकूबाईनं दाल-बाटी केली, पीयूषनं पेढे आणले, रिद्धीनं पाया पडून चिक्कूचं रोप दिलं, परसात लावायला. कुर्ता नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. नाहीच.

भिंग मात्र टेबलावर परत आलं होतं. त्याच्या कडेला तपकिरी पापुद्र्याचा एक बारीक तुकडा चिकटलेला.

मी तो बराच वेळ बघत बसलो. मग झमकूबाईला विचारलं, "रिद्धीचा बीएस्सीला विषय काय होता गं?"

"वनस्पतीशास्त्र," ती म्हणाली. "तिच्या वडिलांनी बघायच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बाहेर ट्रकवाल्याशी बोलत होता."

मग मागची पानं उलटून वाचली. सोळा तारीख. एकवीस तारीख. सव्वीस तारीख. तीस तारीख. कान तेवढे चांगले निघाले.

सहाला ओतूरहून फोटो आला, भोपळ्याचं पान, पिवळे ठिपके. मला दिसताक्षणी कळलं काय आहे ते. निदान कळल्यासारखं वाटलं.

"रिद्धी," मी हाक मारली. "माझा चष्मा कुठं गेला कोण जाणे. जरा हे बघ बरं."

ती हात पुसत आली. फोटो मोठा केला, इकडे तिकडे सरकवला. मग विचारलं, "पप्पा, यांना पानाची मागची बाजू पाठवायला सांगू का? आणि शेजारच्या दोन वेलांचीही?"

"सांग," म्हणालो. "इथून पुढं तूच सांगत जा."

चष्मा सदऱ्याच्या खिशात होता. सदरा जुनाच.